मुलूख आणि तसबीर

वाईजवळ कृष्णेच्या काठी मेणवली येथे नाना फडणविसांचा जो वाडा उभा आहे, त्याच्या भिंतींवरील चित्रे पाहताना एक गोष्ट जाणत्या प्रेक्षकाच्या ध्यानात आल्यावाचून राहत नाही. देव आहेत, अवतार आहेत, कृष्णाच्या लीला आहेत, स्त्रिया, वाद्ये, पशुपक्षी, वेलबुट्टी असे सर्व काही आहे. परंतु ज्या मुलखात बसून चिताऱ्याने हे रंग कालविले तो मुलूख त्या चित्रांत नाही. वृक्ष येतो तो वृक्षाचा संकेत म्हणून, पाणी येते ते चार लहरी आणि दोन कमळे होऊन. पुण्याच्या शनिवारवाड्यासाठी जयपुराहून भोजराज नावाचा चित्रकार आणविला होता, त्यानेही पौराणिक प्रसंगच रंगविले. मराठ्यांच्या घोड्यांनी जो सह्याद्री रात्रंदिवस तुडविला, त्याची एखादी धार, एखादा कडा, एखादी खिंड, ‘ही अमुक ठिकाणची’ असे बोट ठेवून सांगता येईल अशा रीतीने त्या काळच्या भित्तिचित्रांत उतरलेली मला कोठे आढळली नाही.

याचा अर्थ मराठ्यांना आपली भूमी ठाऊक नव्हती असा करणे अगदी चुकीचे ठरेल. ती त्यांना फारच बारकाईने ठाऊक होती, पण ते ज्ञान दप्तरात होते. गावाची शीव कोणत्या ओढ्यापासून कोणत्या वडापर्यंत, पाटस्थळ किती, मोटस्थळ किती, जिरायत आणि बागायत, कुरण आणि गायरान, कोणत्या घाटाची जकात कोणाकडे आणि कोणत्या किल्ल्यावर पाण्याची टाकी किती, हे सारे मोडी लिपीत रुमालांत बांधून ठेवलेले होते. राज्यकर्त्याला भूमी पाहायची असे ती जमाबंदीत, आणि भक्ताला ती क्षेत्रमाहात्म्यात दिसे. दूर उभे राहून, काही मागणे नसताना, नुसते डोळ्यांनी तिचे रूप पाहावे आणि ते कागदावर उतरावे, अशी गरज दोघांनाही भासली नाही. ती गरज ज्याला भासली तो परका होता, आणि त्याचे पाहणेही निर्हेतुक नव्हते.

इसवी सन १७८६ मध्ये चार्ल्स वॉर मॅलेट हा कंपनी सरकारचा रेसिडेंट म्हणून पुणे दरबारी दाखल झाला. मुत्सद्दी म्हणून त्याचे काम इतिहासात प्रसिद्ध आहे; बहिरोपंत मेहेंदळ्यांमार्फत दरबाराशी त्याची चालणारी बोलणी, टिपूविरुद्ध पेशवे, निजाम आणि इंग्रज यांचा १७९० चा तह, हे विषय शाळेतल्या मुलांनाही माहीत असतात. परंतु या गृहस्थाला दुसरा एक नाद होता. जुनी लेणी, मंदिरे, प्राणी, माणसे यांची चित्रे काढवून संग्रही ठेवावीत, या हौसेपायी त्याने पुण्यातलाच एक कारागीर हाताशी धरला. गंगाराम चिंतामण नवगिरे-तांबट हे त्याचे नाव. मराठी चित्रकलेच्या इतिहासात हे नाव ज्या ठिकाणी असावयास हवे त्या ठिकाणी ते अजून गेलेले नाही, याची खंत मला वाटते, आणि म्हणून येथे मी थोडा रेंगाळणार आहे.

पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांचा शिकारखाना होता. त्यातील गेंड्याचे गंगारामाने १७९० साली काढलेले चित्र आज उपलब्ध आहे. ज्या हाताने पूर्वी कोणत्याही प्राण्याचे चित्र परंपरेने ठरवून दिलेल्या घाटाप्रमाणे काढले असते, तो हात येथे समोर उभ्या असलेल्या एका विशिष्ट गेंड्यापुढे बसला आहे. पुढे मॅलेटने त्याला वेरुळास धाडले. कैलास लेणे कागदावर आणणे म्हणजे काय, हे ज्याने त्या प्रांगणात उभे राहून वर पाहिले आहे त्यालाच कळेल. डोंगर वरून खाली कोरीत आणलेले ते मंदिर एका नजरेत मावत नाही. समोरून पाहावे तर बाजू लपते, वरून पाहावे तर पाया दिसत नाही. गंगारामाने त्याची आरेखने केली, आणि ती कच्च्या शिकाऊ हाताची नाहीत. दूरची वस्तू लहान आणि जवळची मोठी दाखविण्याची पाश्चात्य रीत त्याने आत्मसात केली होती. परंतु स्तंभावरील नक्षी, मूर्तीचे हात, आयुधे यांची मांडणी त्याने ज्या निश्चयाने केली आहे, ती परक्याच्या हाताला साधणारी नव्हती. समोर कोणती देवता उभी आहे हे त्याला ठाऊक होते. पाश्चात्य चित्रकाराला जी विचित्र आकृती वाटे, ती या पुणेकराला लहानपणापासूनची ओळखीची होती.

१७९१ साली जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार मुंबईस उतरला आणि पुढल्या वर्षी मॅलेटच्या आश्रयाने पुण्यास आला. अठरा वर्षांचे सवाई माधवराव आणि शेजारी नाना फडणवीस हे त्याचे तैलचित्र आजही आपल्या मनातील त्या दोघांच्या रूपाचा आधार आहे. महादजी शिंद्यांची तसबीरही त्याने केली. शनिवारवाड्यातच एक चित्रशाळा निघून तेथे एतद्देशीय चिताऱ्यांना पाश्चात्य रीतीचे शिक्षण मिळू लागले, असे परंपरेने सांगितले जाते. ती शाळा फार चालली नाही हे उघड आहे, कारण १७९५ हे साल सर्वांवरच घाला घालणारे ठरले. त्या वर्षी सवाई माधवराव वाड्याच्या वरच्या मजल्यावरून पडून वारले, आणि साष्टी बेटावर लेण्यांची चित्रे काढीत हिंडणारा वेल्स तापाने ठाण्यास मरण पावला.

वेल्सच्या मागे राहिलेल्या कामांत मुंबई बेटाचे बारा देखावे आहेत. ते त्याच्या मृत्यूनंतर छापून निघाले. मलबार टेकडी, माझगावची उंची, शीवचा किल्ला अशा ठिकाणी उभे राहून त्याने पाहिलेली मुंबई म्हणजे ताडामाडांची, खाजणांची, भरतीच्या पाण्याने मधूनमधून तुटलेली भूमी आहे. वरळीच्या खिंडारातून आत शिरणारा समुद्र हॉर्नबीच्या बांधाने अडवून काही वर्षेच लोटली होती. जी सात बेटे पुढे एक झाली, त्यांच्यामधले पाणी हटू लागले त्या संक्रमणाच्या क्षणी हा मनुष्य कागद घेऊन बसला होता. आज भायखळ्याच्या किंवा महालक्ष्मीच्या रस्त्याने जाताना आपल्या पायाखाली काय होते, हे सांगणारी चित्रे फार थोडी आहेत, आणि त्यांत ही आहेत. साम्राज्याच्या सोयीसाठी घेतलेल्या नोंदी शंभर-दीडशे वर्षांनी त्या भूमीच्या लेकरांच्या ठेवी ठरतात, हे मला नाकारता येत नाही.

आता त्या मोठ्या चित्राकडे वळतो, ज्यात राष्ट्र, साम्राज्य आणि स्थळ ही तिन्ही एकाच चौकटीत आली आहेत. १७९० च्या तहाचा दरबार मॅलेटला चित्ररूपाने हवा होता. वेल्स त्यासाठी टिपणे आणि व्यक्तिचित्रे करीत होता. त्याच्या मृत्यूनंतर ते सर्व साहित्य लंडनला चित्रकार टॉमस डॅनिअलच्या हाती गेले आणि १८०५ साली त्याने पुरे केलेले तैलचित्र तेथील रॉयल अकादमीत मांडले गेले. गणपती महालाच्या पार्श्वभागी गणेशाची मूर्ती, सुरूच्या घाटाचे कोरीव खांब, महिरपींची रांग, पांढरी बिछायत आणि तिच्यावर पागोट्यांची दाटी. या साऱ्यात सोळा वर्षांचे पेशवे आणि त्यांच्यापुढे तहनामा घेऊन आलेला इंग्रज वकील. प्रसंग घडला तेव्हा वेल्स हिंदुस्थानातही आला नव्हता आणि डॅनिअल त्या दरबारात नव्हता. तरीही शनिवारवाड्याचा अंतर्भाग कसा होता याची कल्पना करावयाची तर आपल्याला याच चित्राकडे यावे लागते, कारण १८२८ च्या आगीत तो वाडा जळाला आणि आज तेथे तट, दरवाजा आणि जोती यांपलीकडे फारसे काही नाही.

या चित्राचा खरा अर्थ त्याच्या दोन तारखांच्या मध्ये आहे, असे मला वाटते. १७९० मध्ये तह झाला तो बरोबरीच्या सत्तांचा होता. किंबहुना टिपूच्या भयाने मराठ्यांची मनधरणी करण्याची पाळी इंग्रजांवर आली होती. १८०५ मध्ये लंडनच्या दालनात लोक हे चित्र पाहू लागले तेव्हा वसईचा तह होऊन गेला होता, दुसऱ्या बाजीरावाने तैनाती फौज पत्करली होती, अहमदनगरचा किल्ला पडला होता आणि असईच्या रणावर शिंद्यांच्या पलटणी मोडल्या होत्या. ज्याच्यापुढे आपला वकील कागद घेऊन उभा राहिला तो दरबार आता आपल्या मुठीत आहे, हे प्रत्येक प्रेक्षक जाणत होता. एकही रेघ न बदलता चित्राचा अर्थ पालटला. पुण्याच्या वैभवाची नोंद म्हणून सुरू झालेली तसबीर लंडनला पोहोचेतो कंपनीच्या चातुर्याची साक्ष झाली. आज मराठी माणूस तिच्यापुढे उभा राहिला, तर त्याला तिच्यात तिसरेच काही दिसेल: बुडालेल्या घराचा एकुलता एक नकाशा.

त्याच सुमारास, १८०३ मध्ये, वेरूळच्या लेण्यांची चोवीस चित्रे डॅनिअलच्या देखरेखीखाली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. तांब्याच्या पत्र्यावर राळेची बारीक पूड बसवून तो आम्लात बुडवावा, जेथे छटा फिकी हवी तेथे वेळीच रोगण लावावे, जेथे गडद हवी तेथे आम्लाला अधिक खाऊ द्यावे, अशा नाजूक कृतीने ती चित्रे छापली गेली. ज्या वर्षी ती लंडनच्या सरदारांच्या मेजांवर आली त्याच वर्षी त्याच औरंगाबाद प्रांताच्या आसपास इंग्रज सेनापती वेलस्लीच्या तोफा धडाडत होत्या. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर वेल्सचे नाव आहे, डॅनिअलचे आहे, मॅलेटचेही आहे. गंगाराम तांबटाचे नाही.

१८१८ नंतर मुलूखच कंपनीच्या ताब्यात आला. अनेक दुर्गांच्या पायऱ्या आणि दरवाजे सुरुंगांनी उडविण्यात आले आणि ज्या उंचींचे लष्करी महत्त्व संपले त्या उंची आता प्रेक्षणीय झाल्या. कंपनीच्या अधिकाऱ्यांना इंग्लंडातील ॲडिसकोंबच्या पाठशाळेत आरेखन शिकविले जाई. शत्रूचा डोंगर, वाट, पाणवठा यांचा चटकन आराखडा काढता यावा हा त्याचा हेतू. शत्रू उरला नाही तेव्हा तीच विद्या हौसेकडे वळली. कॅप्टन रॉबर्ट मेलव्हिल ग्रिंडले याने १८२६ पासून पश्चिम हिंदुस्थानच्या देखाव्यांचा मोठा ग्रंथ भागाभागाने काढला. त्यात दौलताबाद आहे, बोरघाट आहे, मुंबई बंदरावर चालून येणारा पावसाळा आहे. या चित्रांचा एक ठरीव साचा होता: पुढे काळोखी झाडी, एका बाजूला वाकलेला वृक्ष, मध्ये उजळ मोकळी जागा, तिच्यात उंचीचे माप कळावे म्हणून ठेवलेली दोन-चार एतद्देशीय माणसे, आणि मागे निळसर डोंगर. त्या माणसांना चेहरे नसत. घाटातून बैलांचे तांडे हाकणारा वंजारी हा त्या डोंगराचा खरा जाणकार, पण चित्रात तो केवळ प्रमाणदर्शक ठिपका झाला. नावेही पालटली. खंडाळ्याजवळच्या नागफणीच्या कड्याला ‘ड्यूकचे नाक’ हे नाव पडले, आणि तो ड्यूक म्हणजे असईचाच वेलस्ली, पुढे वेलिंग्टन झालेला. पुढे १८६३ साली त्याच घाटातून पंचवीस बोगदे पाडून आगगाडी वर चढली. बांधकामात हजारो मजूर राबले, पटकीने आणि अपघातांनी पुष्कळ मेले. आगगाडीच्या खिडकीतून दिसणारा सह्याद्री हा नवीनच सह्याद्री होता. तो चढावा लागत नव्हता.

मुंबईत सर जमशेटजी जीजीभाईंच्या एक लक्ष रुपयांच्या देणगीतून १८५७ साली कलाशाळा निघाली. आरंभीच्या शिक्षणाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून ते मी येथे वगळतो. एवढेच नोंदवितो की तेथील शिक्षक जॉन ग्रिफिथ्सने १८७२ पासून विद्यार्थ्यांना अजिंठ्यास नेऊन भित्तिचित्रांच्या प्रती करविल्या, आणि लंडनला पाठविलेल्या त्या प्रतींपैकी पुष्कळशा १८८५ मध्ये आगीत गेल्या. त्यापूर्वी मेजर गिलने अजिंठ्यात आयुष्य घालवून केलेल्या प्रतीही लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ साली अशाच जळाल्या होत्या. मूळ चित्रे मात्र वाघूर नदीच्या त्या वळणावर आजही आहेत.

याच कलाशाळेत १८९० साली कोल्हापूरचा एक तरुण आला आणि जवळजवळ सारा जन्म तेथेच राहिला. रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर यांच्या कामाकडे पाहिले म्हणजे साम्राज्य आणि राष्ट्र यांची गुंतागुंत एका माणसाच्या बोटांत कशी वसते हे कळते. नवी दिल्लीच्या शाही सचिवालयात विधिसदस्याच्या दालनासाठी भित्तिचित्रे त्यांनी केली, आणि शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाचा सोहळाही त्यांनीच रंगविला. पहिले सरकारचे काम होते. दुसऱ्यासाठी महाराष्ट्र भुकेलेला होता. पुण्याच्या चित्रशाळा छापखान्याने १८७८ पासून शिवाजी महाराज, नाना फडणवीस, रामपंचायतन यांची रंगीत चित्रे घरोघर पोहोचविली होती, आणि जे राज्य गेले ते निदान भिंतीवर तरी लोकांनी परत आणले होते. या दोन कामांत धुरंधरांनी काही प्रतारणा केली असे म्हणणाऱ्यांशी माझा तीव्र मतभेद आहे. गर्दीचे संयोजन, वस्त्रांच्या चुण्या, निरनिराळ्या जातींच्या पगड्या, नऊवारीचे काष्टे यांवरील त्यांची हुकमत दोन्हीकडे सारखीच प्रामाणिक आहे. ज्या शिक्षणाने त्यांना सरकारी भिंत दिली त्याच शिक्षणाने रायगडाचा सोहळा डोळ्यांपुढे उभा करण्याचे बळ दिले.

तरीही, भूमी म्हणून भूमी आपल्या चित्रात आली ती दुसऱ्या एका कोल्हापूरकराच्या हाताने. अबालाल रहिमान हे मुंबईच्या कलाशाळेत शिकले, तेथे नावाजले गेले, आणि मुंबई सोडून कोल्हापुरास परतले. शाहू महाराजांचा आश्रय त्यांना लाभला. पण वृत्ती विरक्त, राहणी गरिबीची, आणि रंगविण्याचा छंद असा की हाती येईल तो कागद पुरे. कोटितीर्थ, रंकाळा, पंचगंगेचा घाट, संध्यामठ हे त्यांचे विषय. त्यासाठी त्यांना वेरुळास किंवा बोरघाटास जावे लागले नाही. जे रोज पायाखाली होते तेच त्यांनी पुनःपुन्हा रंगविले.

रंकाळ्यातील संध्यामठ ज्यांनी पाहिला आहे त्यांना या आग्रहाचे मर्म उमजेल. पाऊसकाळात तळे भरले म्हणजे ती दगडी वास्तू पाण्याखाली जाते, आणि पाणी ओसरले की थोडी थोडी वर येते. एकच स्थळ वर्षभर एकसारखे राहत नाही, म्हणून ते एकदा रंगवून संपत नाही. ग्रिंडलेच्या ग्रंथातील देखावा प्रवाशाचा असतो. तो त्या ठिकाणी एकदा येतो, उत्तम जागा निवडतो आणि निघून जातो. अबालालच्या जलरंगांत उत्तम जागेचा शोधच नाही. सकाळच्या धुरकट उजेडात पलीकडचा काठ बुडालेला असतो, झाडांची हिरवी गडद पुंजी पाण्यात विरघळते, धुणे धुणारी बाई असेल तर ती माप दाखविण्यासाठी नसते, ती तेथे रोज येते म्हणून असते. तंत्र विलायती आहे यात शंका नाही. कागद ओला ठेवून रंग पसरू देण्याची ती जलरंगाची रीत कलाशाळेतच मिळालेली. पण पाहणारा डोळा त्या गावचा रहिवासी आहे. माझ्या मते राष्ट्रीय चित्रकलेचा वाद बंगालात आणि मुंबईत ज्या हिरिरीने चालला, त्यात दोन्ही पक्षांनी या कोल्हापुरी वृद्धाकडे पाहिले असते तर बरे झाले असते. स्वदेशी शैली कोणती याची चर्चा अबालालांनी केली नाही. ते स्वदेश रंगवीत बसले.

आणि तो स्वदेशही त्यांच्या डोळ्यांदेखत बदलत होता. कोटितीर्थाच्या परिसरात १९०६ साली शाहू महाराजांनी कापडगिरणी स्थापिली. संस्थानाच्या दृष्टीने ते मोठे दूरदृष्टीचे पाऊल होते, आणि त्या निवांत तळ्याकाठी त्यामुळे भोंगा आणि कामगारांची वर्दळ आली. रंकाळ्याच्या काठी शालिनी पॅलेसचे काम सुरू झाले त्याच वर्षी, १९३१ मध्ये, अबालाल वारले. महालापूर्वीचा रंकाळा आणि भोवतालच्या वस्तीपूर्वीचे कोटितीर्थ कसे होते हे आज त्यांच्या चित्रांतूनच उत्तम कळते. वेल्सच्या मुंबईप्रमाणे तीही एक नोंद झाली आहे, परंतु ती कोणा मालकासाठी घेतलेली नाही.

त्यांची हजारो चित्रे होती असे सांगतात. त्यांतील थोडी कोल्हापूरच्या टाऊन हॉलमधील वस्तुसंग्रहालयात आहेत, काही खाजगी घरांत. बाकीची कोठे गेली याचा माग कोणी नीटपणे काढलेला नाही. गंगाराम तांबटाची आरेखने तर सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. ती तेथे सुरक्षित आहेत याबद्दल आपण त्यांचे ऋणी असावे. पण त्यांच्या उत्तम प्रती वेरुळास लेण्यांच्या प्रवेशद्वारापाशी आणि पुण्यास शनिवारवाड्यात लावावयास काय हरकत आहे? आणि अबालालची जी चित्रे घरोघर पेट्यांत पडून आहेत, त्यांची यादी कोल्हापुरातील कलाशाळांच्या विद्यार्थ्यांना हाताशी घेऊन, मालकांची संमती मिळवून, कागद विटण्याआधी झाली पाहिजे. प्रत्येक चित्रासमोर स्थळ कोणते, काठ कोणता आणि तेथे आज काय उभे आहे, एवढे तरी त्या यादीत लिहिलेले असावे.